ताकास तूर लागू न देणारा मतदार

७ मे २०२४. लोकसभेच्या मतदानाचा तिसरा टप्पा, सांगलीकडचं एक गाव. शाळेतल्या केंद्रावर मत देऊन आलेली एक आजी रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर, लिंबाच्या सावलीत टेकली होती. डाव्या तर्जनीवरची शाई लुगड्याला लागू नये म्हणून बोट जरा लांब धरलेलं. नात्यातल्या पोरानं विचारलं, ‘‘आज्जे, कुणाला टाकलंस?’’

‘‘ज्येला टाकायचं त्येला टाकलं की.’’

थोड्या वेळानं गळ्यात उपरणं घातलेला एक कार्यकर्ता आला. ‘‘काय आज्जी, ध्यानात हाय न्हवं आपलं?’’ आजी हसून म्हणाली, ‘‘हाय की बाबा.’’ दोघांशीही ती खोटं बोलली नाही आणि दोघांनाही तिनं काही कळू दिलं नाही.

मी शेजारीच बसलो होतो. मतदारांच्या मनाचा अंदाज घेणारं अख्खं शास्त्र या दोन उत्तरांपाशी अडतं, हे मला तेव्हा नीट दिसलं. मत कुणाला दिलं, याचं उत्तर फक्त मतावर ठरत नाही. समोर कोण उभं आहे, आजूबाजूला कोण ऐकतंय आणि उद्या याच लोकांत आपल्याला राहायचं आहे का, यावरही ते ठरतं.

त्या निवडणुकीत सुमारे ६४ कोटी लोकांनी मत दिलं. १ जूनला शेवटचा टप्पा संपला आणि संध्याकाळी वाहिन्यांवर एक्झिट पोलचे आकडे झळकले. बहुतेकांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या, काहींनी तर चारशेपर्यंत नेल्या. ४ जूनला मोजणी झाली तेव्हा आघाडी २९३ वर थांबली आणि भाजप २४० वर. त्याआधी वीस वर्षं, २००४ मध्येही बहुतेक अंदाज असेच आपटले होते. तेव्हा वाजपेयी सरकार परत येणार असं सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात काँग्रेसला १४५ जागा मिळाल्या आणि भाजपला १३८.

एक्झिट पोलची रीत तशी साधी असते. काही केंद्रं निवडायची, बाहेर पडणाऱ्या मतदारांपैकी ठरावीक अंतरानं एकाला थांबवायचं आणि विचारायचं. नमुना नीट निवडला तर काही हजार लोकांवरून राज्याचा कल कळू शकतो. आमटीची चव बघायला पातेलं रिकामं करावं लागत नाही, पण आमटी आधी ढवळलेली हवी. इथं अडचण अशी की थांबवलेल्यांपैकी बरेच जण मान हलवून पुढं जातात. हे न बोलणारे सगळ्या पक्षांत सारखे विखुरलेले असते, तर काही बिघडलं नसतं. पण एखाद्या पक्षाचे मतदार जास्त मोकळे आणि दुसऱ्याचे जास्त सावध असतील, तर आकडा तिथंच कलंडतो. मग दहा हजारांच्या जागी दहा लाख लोकांना विचारा, चूक तेवढीच राहते, उलट तिच्यावरचा विश्वास वाढतो.

त्यात मतांवरून जागा काढायचं गणित फार नाजूक आहे. २०१९ मध्ये भाजपला ३७ टक्क्यांच्या जरा वर मतं आणि ३०३ जागा होत्या. २०२४ मध्ये मतं साडेछत्तीस टक्क्यांच्या आसपास आली. घट एक टक्क्याहून कमी, जागा मात्र ६३ नं उतरल्या. महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या, पण दोघांच्या एकूण मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल तर ४८ मतांनी लागला. जिथं एवढ्याशा फरकानं चित्र पालटतं, तिथं शंभरातल्या दोघा-तिघांनी ताकास तूर लागू दिला नाही तरी अंदाजाची दैना होते.

लोक गप्प का बसतात, याचा अभ्यास जर्मनीत जनमताच्या अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी केला. १९६५ च्या तिथल्या संसदीय निवडणुकीआधी त्यांच्या संस्थेनं अनेक महिने दोन प्रश्न विचारले. एक, तुम्ही मत कुणाला देणार? दुसरा, निवडून कोण येणार असं वाटतं? पहिल्या प्रश्नावर दोन मोठे पक्ष बराच काळ बरोबरीत होते. दुसऱ्यात मात्र ख्रिश्चन डेमोक्रॅट येणार म्हणणारे वाढत गेले आणि अखेरीस मतंही त्याच बाजूला झुकली. पुढं १९७४ मध्ये त्यांनी ‘मौनाचं आवर्त’ ही कल्पना मांडली. आपलं मत अल्पसंख्य आहे असं वाटलं की माणूस बोलायचं टाळतो. तो बोलत नाही म्हणून ते मत आहे त्याहून क्षीण दिसतं, आणि ते पाहून आणखी चार जण गप्प होतात. आपल्याकडं ‘यंदा हवा कुणाची?’ असं विचारतात, तेव्हा खरं तर हाच दुसरा प्रश्न विचारलेला असतो.

हे मोजण्याची त्यांची युक्ती मला फार आवडते. पाच तासांचा रेल्वेप्रवास आहे, डब्यातला अनोळखी सहप्रवासी अमुक विषयावर ठामपणे बोलू लागला, तर तुम्ही त्याच्याशी बोलाल की विषय टाळाल? सोलापूर-पुणे गाडीत निवडणुकीच्या दिवसांत बसलेल्या कुणालाही हा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही. एक जण मोठ्यानं बोलतो, दोघे माना डोलावतात, आणि खिडकीपाशी बसलेला माणूस बाहेरचा ऊस बघत राहतो.

मात्र प्रत्येक चुकीचं खापर या लाजऱ्या मतदारावर फोडणं बरोबर नाही. ब्रिटनमध्ये १९९२ च्या निवडणुकीत मतदानाआधीच्या अखेरच्या चाचण्या हुजूर आणि मजूर या दोन्ही पक्षांना बरोबरीत दाखवत होत्या, आणि जॉन मेजर यांचा हुजूर पक्ष सात टक्क्यांहून अधिक मतांनी पुढं गेला. आपला कल लपवणारा हुजूर मतदार तेव्हा चर्चेत आला, आणि लपवाछपवी हे एक कारण असल्याचं मानलंही गेलं. २०१५ मध्ये चाचण्या पुन्हा चुकल्या. पॅट्रिक स्टर्गिस यांच्या अध्यक्षतेखाली नीट चौकशी झाली, तेव्हा मुख्य दोष नमुन्याचा निघाला. ज्यांना विचारलं तेच देशाचं खरं चित्र नव्हते. आमटी ढवळलीच नव्हती. म्हणून कुठल्याही चुकलेल्या अंदाजानंतर ‘लोक खोटं बोलले’ असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारतो, कुणाला विचारलं होतं, कुठं, आणि किती जणांनी नकार दिला?

ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय, त्यांनी विचारण्याची पद्धत बदलली. दिल्लीच्या सीएसडीएस या समाजसंशोधन संस्थेचा ‘लोकनीती’ गट मतदानानंतर घरी जाऊन सर्वेक्षण करतो. मताच्या प्रश्नाला आला की सर्वेक्षक नमुन्याची मतपत्रिका हातात देतो आणि सोबत पेटी ठेवतो. खूण करा, घडी घाला, पेटीत टाका. दारात सासू उभी असो, भावकीतलं कुणी असो, तोंडानं काही बोलायला नको. पुष्कळ घरांत बाईचं उत्तर घरातला पुरुषच देऊन टाकतो. तिथं ही कागदाची घडी फार मोलाची ठरते.

याहून नाजूक प्रश्नांसाठी अमेरिकी संशोधक स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये एक मार्ग सुचवला. त्याचं सोपं रूप नाण्यानं करता येतं. समजा विचारायचंय, ‘मतासाठी पैसे घेतले का?’ सरळ विचारलं तर कोण हो म्हणेल? म्हणून सांगायचं, पाठ फिरवून नाणं उडवा. छापा आला तर काहीही असो, ‘हो’ म्हणा. काटा आला तर खरं ते सांगा. आता एखाद्याचं ‘हो’ ऐकून काहीच कळत नाही, ते नाण्याचंही असू शकतं. पण एक हजार जणांत साधारण पाचशेंना छापा येणार. एकूण ६२० ‘हो’ आले, तर वरचे १२० काटा आलेल्या पाचशेंमधले, म्हणजे जवळपास २४ टक्के. (आकडे फक्त उदाहरणाचे.) माणूस झाकलेला राहतो आणि समूहाचं सत्य बाहेर येतं. मला हे गणित सुंदर वाटतं, कारण ते माणसाची लाज समजून घेऊन बनवलेलं आहे.

गप्प बसणाऱ्यांइतकेच बोलणारेही अभ्यासाचा विषय आहेत. शाईच्या बोटाचा सेल्फी आता सगळीकडं दिसतो. तो मत कुणाला दिलं ते सांगत नाही, फक्त दिलं एवढंच सांगतो, आणि त्याचा परिणाम होतो. अमेरिकेत २०१० च्या संसदीय निवडणुकीच्या दिवशी फेसबुकवर सुमारे ६ कोटी १० लाख लोकांवर प्रयोग झाला. ‘मी मत दिलं’ या बटणाशेजारी मत दिलेल्या मित्रांचे चेहरे काहींना दाखवले, काहींना नुसता संदेश. नुसत्या संदेशानं काही हललं नाही. चेहऱ्यांनी हललं, तेही जिवलग मित्रांच्या. संशोधकांच्या हिशेबानं एकूण ३ लाख ४० हजार जादा मतं पडली.

आपला कायदा गप्प बसणाऱ्याच्या पाठीशी आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९४ नुसार, मत कुणाला दिलं हे सांगायला साक्षीदारालाही भाग पाडता येत नाही. स्वतःहून सांगायचं तर आडकाठी नाही. पण माणसाचं गुपित राहिलं तरी गावाचं राहत नाही. एका केंद्रावर साधारण हजारभर मतदार, आणि मोजणी केंद्रनिहाय. निकालानंतर कुठल्या गावानं, कुठल्या वस्तीनं कुणाला किती दिली, याची यादी पक्षांच्या हातात असते. ‘तुमच्या वाडीनं आम्हाला दिलं नाही’ हे वाक्य रस्त्यासाठी, पाण्यासाठी गेलेल्या माणसांनी ऐकलेलं आहे.

कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळण्याची सोय नियमात होती. यंत्रं आली आणि ती सोय मोडली. चौदा यंत्रांची मतं एकत्र मोजून फक्त बेरीज दाखवणारं ‘टोटलायझर’ नावाचं उपकरण तयार आहे. निवडणूक आयोगानं ते २००८ मध्ये सुचवलं, विधि आयोगानं २०१५ मध्ये पाठिंबा दिला, तरी ते अजून वापरात नाही. आजीनं पोराला सांगितलं नाही, कार्यकर्त्याला सांगितलं नाही. तिच्या वाडीचा आकडा मात्र ४ जूनला तक्त्यात छापून आला. तो चौदा केंद्रांच्या बेरजेत मिसळून जायला हवा होता.