दाहशामक सागरी संयुगे : मऊ प्रवाळ व समुद्रपंखे

मऊ प्रवाळ आणि समुद्रपंखे (गॉर्गोनियन) हे पिसांसारख्या आठ शुंडकांचे, वसाहतीने राहणारे प्राणी. दगडी प्रवाळांसारखे कवच नसल्याने माशांपासूनचा बचाव ते बराचसा रसायनांवर भागवतात. त्यांतील काही डायटर्पिने (वीस कार्बनांच्या सांगाड्याची नैसर्गिक संयुगे) माणसाच्या पेशींतील दाहही शमवतात. बहामाजवळच्या समुद्रपंख्यातून मिळालेले स्यूडोप्टेरोसिन (१९८६) सौंदर्यप्रसाधनांपर्यंत पोचले. त्यासाठी वसाहत उपटत नाहीत, फांद्या छाटतात, म्हणजे पुन्हा फुटवा येतो.

ठाण्याच्या गाळाच्या खाडीत प्रवाळखडक नाहीत, त्यामुळे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रयोगशाळेत असा नमुना बाहेरूनच येणार. समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जाळ्यात अडकून आलेला तुकडाही परवानगीशिवाय ठेवता येत नाही.

नमुना लगेच गोठवतात. एक तुकडा ७० टक्के इथेनॉलमध्ये वेगळा राखतात, कारण जात ठरते ती अंगातल्या चुनखडी कंटिकांवरून (सूक्ष्म काट्यांवरून), आणि नाव चुकले तर पुढचे सगळे काम वाया जाते. उरलेला भाग गोठवून सुकवतात. ही भुकटी खारट असते. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत बरणी उघडी राहिली की ती पाणी ओढते आणि वजनावर काढलेला उतारा (किती भुकटीतून किती अर्क निघाला ते प्रमाण) खोटा ठरतो. भुकटी तीनदा द्रावकात भिजवून अर्क काढतात, मग इथिल ॲसिटेट व पाणी यांत विभागून मीठ पाण्यात सोडतात.

द्रावक निवडताना जपावे. सिन्युलेरिया, लोबोफायटम या मऊ प्रवाळांतील अनेक सेम्ब्रॅनॉइडांत (डायटर्पिनांचाच एक गट) अल्फा-मिथिलीन-गॅमा-लॅक्टोन हा सहज अभिक्रिया करणारा वलयाकार भाग असतो. मिथेनॉल त्याला जोडले जाऊन निसर्गात नसलेलेच संयुग हाती येऊ शकते. म्हणून इथिल ॲसिटेट बरे. बाटल्याही काचेच्या घ्याव्यात, नाहीतर प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेटे ‘नवे संयुग’ म्हणून वर्णपटात दिसतात. पुढे घटक वेगळे करायला सिलिका स्तंभ, मग एचपीएलसी (उच्च दाबाचे द्रव वर्णलेखन) आणि रचनेसाठी एनएमआर (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन).

चाचणीत उंदराच्या बृहद्भक्षी (जंतू गिळणाऱ्या) पेशींना जिवाणूंचे लिपोपॉलिसॅकराइड देऊन दाह उठवतात आणि सुमारे दिवसभराने पेशींनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडपासून बनलेले नायट्राइट ग्रीस अभिक्रियेने, म्हणजे त्याच्यामुळे येणाऱ्या गुलाबी रंगावरून, मोजतात. गुलाबी रंग फिका पडला की आनंद होतो, पण मेलेल्या पेशीही नायट्रिक ऑक्साइड बनवत नाहीत. तोच लॅक्टोन प्रथिनांतील सिस्टीनला चिकटून दाहाची साखळीही तोडतो आणि पेशीही मारतो. त्यामुळे त्याच तीव्रतेला पेशींची जिवंतता मोजल्याशिवाय तो आकडा ग्राह्य धरू नये. केवळ डीएमएसओ (संयुग विरघळवण्याचा द्रावक) घातलेल्या पेशींचा गट तुलनेसाठी हवाच. त्यानंतर कुठे कॅरागीनानने (समुद्रशैवालातील एक पदार्थ) सुजवलेल्या पंजाची प्राणिचाचणी येते.