ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये फिल्टर लावायचा की क्वेरीनेच मोजकं उचलायचं?

समजा सांगली मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या अडत दुकानाचा सगळा हिशोब मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आहे, टेबलात दोनेक लाख पट्ट्या (मालविक्रीच्या हिशोबाच्या पावत्या), फाईल आतल्या पीसीवर शेअर केलेली आणि काउंटरचे पीसी लॅनने जोडलेले. शेतकरी येतो, "भाऊ, माझी यंदाची पट्टी बघा की जरा." फॉर्म उघडायचा, नावाच्या खान्यावर फिल्टर लावायचा, पट्टी समोर. मग फॉर्म उघडायलाच एवढा वेळ का लागतो?

कारण रेकॉर्ड सोर्समध्ये, म्हणजे फॉर्मने डेटा कुठून घ्यायचा त्या सेटिंगमध्ये, अख्खं टेबल दिलंय. फॉर्म आधी सगळ्या टेबलावर उघडतो, फिल्टर त्यानंतर लागतो. त्याऐवजी फॉर्म रिकामा उघडा, वर एक शोधायचा बॉक्स ठेवा, आणि शेतकऱ्याचा खाते नंबर टाकला की मगच रेकॉर्ड सोर्सला व्हेअरची अट (कोणत्या ओळी हव्यात ते सांगणारी) घातलेली क्वेरी, म्हणजे डेटा मागायची आज्ञा, द्या, म्हणजे त्याच्या तेवढ्याच पट्ट्या येतील.

पण फिल्टर म्हणजे स्लो आणि क्वेरी म्हणजे फास्ट असं सरसकट धरू नका, बरेच जण इथेच फसतात. फॉर्म उघडणाऱ्या ओपनफॉर्म कमांडमधली व्हेअर कंडिशन पण आतून फिल्टरच असते, फक्त ती फॉर्म लोड होताना लागलेली असते म्हणून चालते. आणि अट नसलेली क्वेरी सेव्ह करून फॉर्मला जोडली तर टेबल जोडल्यासारखंच झालं, काही फायदा नाही.

खरा खेळ इंडेक्सचा, म्हणजे कुठली नोंद कुठे आहे ते सांगणाऱ्या सूचीचा आहे. ॲक्सेसला सर्व्हर नसतो, शेअरवर नुसती फाईल पडलेली असते आणि शोधायचं काम काउंटरचा पीसीच करतो. खाते नंबरवर इंडेक्स असेल तर इंडेक्सचा थोडा भाग आणि लागतील तेवढीच डेटाची पानं वायरवरून येतात, नसेल तर एका पट्टीसाठी पूर्ण टेबल ओढलं जातं, मग तुम्ही फिल्टर लावा नाहीतर क्वेरी लिहा.

बरं, इंडेक्स असूनही अट चुकीची लिहिली तर तो वापरलाच जात नाही. लाईकमध्ये (अर्धवट शब्दावरून शोधायच्या अटीत) '\*पाटील\*' असं शब्दाच्या सुरुवातीलाच स्टार लावलं की गेलं. तारखेच्या फील्डला इयर फंक्शन (तारखेतून वर्ष काढणारं) लावून २०२४ शोधलं तरी तेच, त्यापेक्षा १ जानेवारी २०२४ पासून पुढे आणि १ जानेवारी २०२५ च्या आधी अशी सरळ रेंज द्या. आणि कोडमधून #०५/०३/२०२४# अशी तारीख पाठवली तर ॲक्सेस ती ५ मार्च नाही, ३ मे धरतो, महिना आधी लिहायचा.

मग फिल्टर कशाला ठेवायचा? तर समोर आलेल्या पन्नास ओळींतून फक्त राजापुरी जातीची हळद बघायची, नाहीतर ठराविक दराच्या वरचीच, त्याला फिल्टरच बेस्ट, राईट क्लिक केलं की झालं. पण एका शेतकऱ्याचा हिशोब दुसऱ्याला दिसू नये म्हणून फिल्टरवर भरवसा ठेवू नका, फॉर्मच्या तळाशी असलेल्या 'फिल्टर्ड' बटणावर कुणीही एक क्लिक केला की सगळ्या गावाच्या पट्ट्या स्क्रीनवर येतात.