ऊरचा झिग्गुरात थडगं नाही

दक्षिण इराकमधल्या ऊर या प्राचीन सुमेरियन शहरातल्या झिग्गुराताच्या (टप्प्याटप्प्यांनी उंच होत जाणाऱ्या मंदिर-मनोऱ्याच्या) फोटोखाली अनेकदा लिहिलेलं असतं: ‘सुमेरियन पिरॅमिड, आत राजा पुरलाय.’ आकार पाहून तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण हा झिग्गुरात भरीव आहे: गाभा कच्च्या विटांचा, बाहेर नैसर्गिक डांबरात बसवलेल्या भाजक्या विटा. दफनाची खोली नाहीच. फोटोत जिने नीट बघा. तिन्ही वर चढतात, आत एकही जात नाही. कारण माथ्यावर चंद्रदेव नन्नाचं मंदिर होतं.

ऊरमध्ये राजेशाही थडगी सापडली हे खरं, पण ती जवळच्या दफनभूमीत, जमिनीखाली. शिवाय ती इ.स.पू. २१००च्या सुमाराच्या या झिग्गुरातापेक्षा काही शतकं जुनी आहेत. प्रत्यक्ष गेलात तर एक ध्यानात ठेवा: आज दिसणारा दर्शनी भाग आणि जिने बरेचसे विसाव्या शतकात पुन्हा बांधलेले आहेत.