स्पेसर चढला, पण मध्यावर बसला का?

स्पेसर म्हणजे चाक थोडं बाहेर आणायला हब आणि रिमच्या मध्ये बसवायची चकती. काउंटरवर दोन प्रकारच्या चकत्या शेजारी ठेवल्या तर फरक चटकन दिसत नाही. दोन्ही ॲल्युमिनियमच्या, दोन्हींना चार भोकं, जाडीही तीच. पण एकीने ताशी शंभरला स्टेअरिंग थरथरतं आणि दुसरी लावल्याचं जाणवतही नाही.

फरक मधल्या मोठ्या भोकात आहे. हब म्हणजे गाडीचा चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग; त्याच्या मध्यभागी एक गोल उंच काठ असतो. कंपनीच्या रिमचं भोक त्यावर नेमकं बसतं, म्हणून नट लावायच्या आधीच चाक मध्यावर येतं. हब-सेंट्रिक स्पेसर आतून या काठावर घट्ट बसतो आणि बाहेर रिमसाठी तसाच स्वतःचा काठ देतो. 'युनिव्हर्सल' चकती मात्र सगळ्यांना लागावी म्हणून भोक ऐसपैस ठेवून कापलेली असते. बाहेर काठ नसतो. चाक मध्यावर आणायचं काम नटांच्या निमुळत्या तोंडावर येतं. याला लग-सेंट्रिक म्हणतात.

मारुती स्विफ्ट आणि २०१४ची होंडा सिटी घ्या. दोघींची पीसीडी ४×१००, म्हणजे नटांची चार भोकं १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. तेवढंच पाहून सिटीचा स्पेसर स्विफ्टला घेणारे बरेच. पण स्विफ्टच्या हबचं माप ५४.१ मिमी, सिटीचं ५६.१. म्हणजे आतून तो दोन मिमी ढिला, आणि बाहेरचा ५६.१चा काठ स्विफ्टच्या रिममध्ये शिरतच नाही! शिरत नाही हे नशीबच, निदान चूक दिसते. बिनकाठाची चकती मुकाट्याने चढते. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं भोक बऱ्याचदा ७३.१ मिमी असतं. तिथे ५४.१चा काठ नुसता पोकळीत राहतो, मधली जागा भरायला रिंग लागते. म्हणून दुकानात जाडीच्या आधी दोन मापं सांगा: आतलं भोक गाडीच्या हबचं, बाहेरचा काठ तुमच्या रिमचा. व्हर्नियर कॅलिपरने मोजून घेतलेलं बरं.

१८५/६५ आर१५ टायर ताशी १०० किमीला सेकंदाला सुमारे चौदा वेळा फिरतो. चाक अर्धा मिमी जरी सरकून बसलं तरी तो धक्का चौदा वेळा हातात येतो. गंमत म्हणजे बॅलन्सिंगच्या मशीनवर सगळं शून्य दाखवतं, कारण तिथे शंकू घालून चाक मध्यातच धरलेलं असतं. मग पुन्हा बॅलन्सिंग, वर अलाइनमेंट. पैसे जातात, थरथर तशीच.

लग-सेंट्रिक म्हणजे टाकाऊ, असं मात्र मी म्हणणार नाही. नट आवळल्यावर गाडीचा भार मुख्यतः दाबून धरलेल्या पृष्ठभागांच्या घर्षणावर असतो, काठावर नाही. चाक जमिनीपासून उचललेलं असताना, समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत नेले, तर ते नीट मध्यावर येऊ शकतं. पण पंक्चर काढणारा गनने एकेक नट एका दमात आवळतो तेव्हा हे गणित संपलं. नटाचं तोंडही रिमला जुळायला हवं: होंडाच्या मूळ रिमला गोल तोंडाचे नट लागतात, बाहेरच्या अलॉयला बहुधा निमुळते.

जाडीचा संबंध काठाशी येतो. तीन ते पाच मिमीच्या चकतीतून हबचा काठ अजून थोडा बाहेर डोकावतो, त्यामुळे भोकाचं माप बरोबर असलेली सपाट चकती चालते. दहाच्या आसपास पंचाईत: हबचा काठ गिळला जातो आणि स्पेसरला स्वतःचा काढायला धातू पुरत नाही. हे माप मी शक्यतो टाळतो. पंधरापासून काठवाले सहज मिळतात, वीस-पंचवीसला स्वतःचे स्टड, म्हणजे नट आवळायचे आटेदार दांडे, असलेले. स्वतःचे स्टड नसलेल्या साध्या चकतीत नट गाडीच्या स्टडवर किमान स्टडच्या व्यासाइतका आत जायला हवा. स्विफ्टच्या एम१२×१.२५ स्टडवर (व्यास १२ मिमी, एका फेऱ्याला १.२५ मिमी) म्हणजे जवळपास दहा फेरे. मोजून पाहा. कमी भरले तर लांब स्टड, नाहीतर पातळ स्पेसर.

सगळं मापात असूनही थरथरलं तर स्पेसर काढा, तारेच्या ब्रशने हबवरचा गंज घासा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवून पाहा. चाक बाहेर गेलं की टायरचा जुना बारीक दोषही स्टेअरिंगला जास्त कळतो. स्पेसर काढूनही थोडी थरथर उरली, तर आधी टायर तपासा.