अनेस्थेशिया घ्यायचं की नाही हे ठरवण्याआधी: या ब्रँचची थोडी पार्श्वभूमी

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेचा, रिझल्ट लागला की घराघरात तेच बोलणं सुरू होतं, रेडिओ (रेडिओलॉजी) मिळेल का, मेडिसिन मिळेल का, स्किन तर गेलंच हातातून, आणि मग कुणीतरी जरा खालच्या आवाजात म्हणतं की अनेस्थेशिया, म्हणजे भूल देण्याची ब्रँच, मिळतंय. हा खालचा आवाज आजचा नाही, त्याला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. सर्जनच्या मागे राहावं लागतं, पेशंट नाव विचारत नाही, पण स्वतःचं हॉस्पिटल टाकायचा खर्चही नाही, असं जे जे आपण ऐकतो त्यातलं बरंचसं त्या इतिहासातूनच आलंय. म्हणून सीट लॉक करण्याआधी तो माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

16 ऑक्टोबर 1846 ही तारीख सगळ्यांना पाठ असते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरची वाफ हुंगवून भूल दिली, जॉन कॉलिन्स वॉरन या सर्जनने मानेवरची गाठ काढली आणि पेशंट ओरडला नाही. जॉर्जियातल्या क्रॉफर्ड लाँगने ईथर 1842 मध्येच वापरलं होतं पण छापलं 1849 मध्ये, त्यामुळे नाव मॉर्टनचं झालं. आता हा मॉर्टन पेशाने डेंटिस्ट, ईथरला वेगळं नाव देऊन त्याचं पेटंट घ्यायच्या मागे लागलेला. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच भूल देणारा माणूस बाहेरचा आणि ऑपरेशन करणारा हॉस्पिटलचा मोठा डॉक्टर अशी मांडणी झाली, आणि ती जायला जवळपास शंभर वर्षं लागली.

बातमी मात्र फार लवकर पसरली, पाचच महिन्यांत म्हणजे मार्च 1847 मध्ये कलकत्त्यात ईथर दिलं गेलं होतं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरात जेम्स यंग सिम्प्सनने क्लोरोफॉर्म हे भुलीचं दुसरं औषध आणलं आणि इथे गोष्ट जरा बिघडली, कारण क्लोरोफॉर्म द्यायला काहीच लागत नाही, रुमालावर थेंब टाका आणि नाकाशी धरा. मग ते कुणीही द्यायला लागलं, हाताशी असेल तो शिकाऊ डॉक्टर, नर्स, कधी नुसता मदतनीस. जानेवारी 1848 मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. नखासाठी!

तेव्हा लंडनमध्ये एकच माणूस हे नीट मोजून मापून करत होता, जॉन स्नो. पाण्याच्या पंपातून कॉलरा पसरतो हे दाखवल्याची गोष्ट आपण पीएसएममध्ये (सार्वजनिक आरोग्याच्या विषयात) वाचतो तोच हा. किती तापमानाला हवेत किती वाफ मिसळते, किती प्रमाणात पेशंट कुठल्या पायरीवर जातो हे त्याने काढलं, स्वतःचे इनहेलर बनवले, आणि 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिलं. 1858 मध्ये तो गेला. या ब्रँचचा खरा मूळपुरुष मला मॉर्टनपेक्षा स्नोच वाटतो, कारण औषध सापडणं वेगळं आणि ते सुरक्षित कसं द्यायचं याचा अभ्यास वेगळा, आणि करिअर या दुसऱ्या गोष्टीतूनच उभं राहिलं.

भारताचा या इतिहासात एक मोठा धडा आहे जो आपल्या पुस्तकात दोन ओळींत संपतो. क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हा त्या काळातला मोठा वाद. हैदराबादचा सर्जन एडवर्ड लॉरी म्हणायचा श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीकडे नको. निजामाने पैसे दिले आणि 1888 व 1889 मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसली, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, लंडनहून लॉडर ब्रंटन हा नामांकित डॉक्टर स्वतः आला. निष्कर्ष लॉरीच्या बाजूने निघाला आणि तो अर्धाच बरोबर होता, कारण 1911 मध्ये लेव्हीने दाखवलं की हलक्या भुलीत क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकदम बिघडवून मारू शकतं. पण या सगळ्या कामात हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकलेली एक पारशी बाई होती, रूपाबाई फरदूनजी. पुढे तिने वर्षानुवर्षं क्लोरोफॉर्म देण्याचंच काम केलं, आणखी शिकायला एडिंबराला गेली. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ तिलाच मानतात. हे नाव आपल्या प्रत्येक अनेस्थेशिया डिपार्टमेंटच्या भिंतीवर हवं, असं मी अगदी ठामपणे म्हणेन.

अमेरिकेत वेगळंच झालं. भूल देण्यात पैसा नाही, मान नाही, म्हणून डॉक्टर तिकडे वळेनात, मग सर्जननी नर्सना शिकवलं. मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलिस मॅगॉने 1906 मध्ये चौदा हजारांहून जास्त केसेसचा अनुभव छापला. काम उत्तम होतं यात शंका नाही, पण त्यामुळे भूल देणं हे डॉक्टरचं काम आहे का हा प्रश्नच तिथे उभा राहिला. उत्तर मिळालं 1927 नंतर, विस्कॉन्सिनला राल्फ वॉटर्सने विद्यापीठात रीतसर डिपार्टमेंट आणि रेसिडेन्सी, म्हणजे काम करत शिकण्याचा कोर्स, सुरू केली तेव्हा. इंग्लंडात 1935 मध्ये डीएची, म्हणजे अनेस्थेशियाच्या डिप्लोमाची, पहिली परीक्षा झाली, आणि मोटारींचा कारखानदार लॉर्ड नफिल्डने ऑक्सफर्डला मोठी देणगी देताना अट घातली की अनेस्थेशियाची प्रोफेसरशिप हवीच. विद्यापीठाची फार इच्छा नव्हती पण पैसे हवे होते, म्हणून 1937 मध्ये रॉबर्ट मॅकिंटॉश प्रोफेसर झाले, तेच ज्यांच्या नावाचं लॅरिंगोस्कोप (घशात बघून श्वासनळीत ट्यूब घालायचं उपकरण) आपण पहिल्या दिवशी हातात धरतो.

व्हर्जिनिया अ‍ॅपगारची गोष्ट तर ब्रँच निवडणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. तिला सर्जन व्हायचं होतं, हात चांगला होता, पण न्यूयॉर्कच्या तिच्या चीफने, अ‍ॅलन व्हिपलने, सांगितलं की बायकांना सर्जरीत पोट भरत नाही, तू अनेस्थेशियात जा, तिथे हुशार माणसं हवी आहेत. ती वॉटर्सकडे शिकली, 1938 मध्ये परत येऊन कोलंबियात डिव्हिजन उभं केलं, 1949 मध्ये तिथली पहिली स्त्री फुल प्रोफेसर झाली, आणि 1952 मध्ये लेबर रूममध्ये बाळांकडे बघत बघत नवजात बाळाची तब्येत जोखणारा तो अ‍ॅपगार स्कोअर काढला जो आज आपल्या तालुक्यातल्या प्रसूतिगृहातसुद्धा लिहिला जातो. मनाविरुद्ध ब्रँच मिळाली म्हणून रडणाऱ्यांना मी हिचंच नाव सांगते, आणि हेही सांगते की डिव्हिजनचं स्वतंत्र डिपार्टमेंट झालं तेव्हा हेडची खुर्ची तिला दिली नाही.

त्याच 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू गेलेले पेशंट शंभरात ऐंशीच्या वर मरत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने म्हटलं की आपण ऑपरेशन थिएटरमध्ये रोज करतो तेच वॉर्डात करूया, गळ्याला भोक पाडून ट्यूब घाला आणि हाताने बॅग दाबत राहा. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने महिनोन्‌महिने बॅग दाबत बसले आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, इब्सेनने पुढच्याच वर्षी कायमचा युनिट सुरू केला, आणि आज ज्याला आपण आयसीयू म्हणतो ते तिथून आलं. कोविडमध्ये अनेस्थेशियाच्या रेसिडेंट मुलामुलींनी व्हेंटिलेटर सांभाळले तेव्हा लोकांना नवल वाटलं, खरं तर ते त्यांच्या ब्रँचचं घरचंच काम होतं.

सुरक्षिततेचं काम नंतर वाढलं. जपानमध्ये ताकुओ आओयागीने सत्तरच्या दशकात पल्स ऑक्सिमीटरची कल्पना काढली, 1978 मध्ये जेफ्री कूपरने दाखवलं की टाळता येण्याजोगे बहुतेक अपघात माणसाच्या चुकीने होतात, 1986 मध्ये अमेरिकेत मॉनिटरिंगचे नियम आले. तिथल्या 1999 च्या एका गाजलेल्या अहवालात म्हटलंय की ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दहा हजारांत दोन मृत्यू होते ते दोन-तीन लाखांत एकावर आले. स्वतःच्या चुका मोजून इतकी सुधारणा केलेली दुसरी ब्रँच मला तरी माहीत नाही.

आपल्याकडे भूलतज्ज्ञांची इंडियन सोसायटी 1947 मध्ये स्थापन झाली, जर्नल 1953 पासून. महाराष्ट्रात डीए, त्यात मुंबईच्या सीपीएसचा (कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा) डिप्लोमाही आला, करून पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर तालुक्यात गेले, डिकीत किट टाकून सकाळी या नर्सिंग होमला हर्निया, दुपारी त्या गावाला सिझर, रात्री दोनला पुन्हा फोन. स्वतःचं हॉस्पिटल नाही, कर्ज नाही, पण वेळही स्वतःचा नाही आणि फी सर्जनच्या बिलातून निघते, हे दोन्ही खरं आहे. आणि ग्रामीण रुग्णालयात सर्जन आहे, ऑपरेशन थिएटर आहे, पण भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझरची बाई जिल्ह्याला रेफर होते हेही रोजचं आहे. त्यासाठी सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांचं ट्रेनिंग द्यायची योजना आणली, म्हणजे गरज किती मोठी आहे ते बघा.

गेल्या काही वर्षांत मेडिकल कॉलेजांच्या डिप्लोमाच्या बऱ्याच सीट्स एमडीत बदलल्या, पुढे क्रिटिकल केअर, पेन (वेदनांवरचे उपचार), कार्डियाक, न्यूरो असे रस्ते उघडलेत. त्यामुळे कॉलेजांची यादी भरताना नुसत्या स्टायपेंडची चौकशी करू नका, तिथल्या सीनिअरला फोन करून विचारा की आयसीयू अनेस्थेशियाकडे आहे की मेडिसिनकडे, पेन ओपीडी चालते का, ऑपरेशनआधीची तपासणी रेसिडेंट स्वतः करतात की नुसती सही करतात, आणि रात्रीच्या इमर्जन्सीला सीनिअर शेजारी उभा असतो की फोनवर असतो.