मोटारबोटीचे हिवाळी संरक्षण

मोटारबोटीचे हिवाळी संरक्षण : ज्या प्रदेशांत हिवाळ्यात सरोवरे, नद्या व खाड्या गोठतात, तेथे बोटीचे इंजिन, नळ्या व टाक्या शाबूत राहाव्यात म्हणून मोसमाअखेरीस करावयाची कामे. उत्तर अमेरिकेतील ग्रेट लेक्सचा परिसर आणि बाल्टिक समुद्राचा उत्तर किनारा येथे ही प्रथा सर्वत्र रूढ आहे. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून शाकारतात, ‘शाकारणी’ हा या कामाला सर्वांत जवळचा मराठी शब्द होय. मात्र शाकारणीत बाहेरचा पाऊस व उधाण यांपासून बचाव करायचा असतो, तर येथे धोका इंजिनाच्या आत साचलेल्या पाण्याचा असतो.

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पूर्णपणे बंदिस्त पाणी उणे २२° से. पर्यंत गोठत गेल्यास सिद्धांततः सुमारे २,००० वातावरणांइतका दाब निर्माण होतो. इंजिनाचा ठोकळा (सिलिंडर व पाण्याच्या पोकळ्या असलेला मुख्य भाग) बहुधा बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो, व बीड ताणाखाली ठिसूळ असल्यामुळे तो त्यापुढे टिकत नाही. सरोवराचे वा समुद्राचे पाणी थेट ठोकळ्यातून खेळवून थंड होणाऱ्या इंजिनांना हा धोका सर्वाधिक असतो. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले, इंजिन उभे ठेवले, तर त्यातील पाणी बहुतांशी आपोआप निचरून जाते.

ठोकळ्याच्या बाजूंना बसवलेल्या पातळ धातूच्या बुचांविषयी बराच गैरसमज आहे. त्यांना व्यवहारात ‘फ्रीझ प्लग’ म्हणतात व पाणी गोठल्यास ती बाहेर पडून ठोकळा वाचवतात, असे मानले जाते. ओतकामाच्या जाणकारांचे मत वेगळे आहे. ठोकळा ओतताना पाण्याच्या पोकळ्यांसाठी वाळूचा गाभा ठेवावा लागतो. त्या गाभ्याच्या आधारासाठी व नंतर वाळू काढण्यासाठी राहिलेली भोके ही बुचे बुजवतात. ‘वेल्श प्लग’ हे त्यांच्या एका प्रकाराचे नाव सामान्यतः विसाव्या शतकाच्या आरंभीच्या, मिशिगनमधील वेल्श मोटारकार कंपनीशी जोडले जाते. गोठलेल्या ठोकळ्यातून एखादे बूच निसटते हे खरे. परंतु बूच जागच्या जागी आणि ठोकळ्याला तडा, असेही घडते. त्यामुळे ‘गाभ्याचे बूच’ हेच नाव अधिक यथार्थ वाटते, आणि संरक्षणासाठी त्यावर विसंबणे योग्य नव्हे.

संरक्षणाच्या दोन पद्धती आहेत : पाणी पूर्णपणे काढून टाकणे किंवा त्याच्या जागी गोठणरोधक द्रव भरणे. निचऱ्याच्या भोकात गंज व वाळू साचते, म्हणून त्या भोकाचे बूच काढूनही पाणी न आल्यास तारेने भोक मोकळे करावे लागते. केवळ द्रव ओढून घेण्याच्या पद्धतीत इंजिन थंड असेल, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) बंद राहतो व द्रव ठोकळ्यात न शिरता बाहेर जातो. शिवाय उरलेल्या पाण्याने तो पातळ होतो. या कारणांमुळे आधी निचरा व मग द्रव हा क्रम अधिक ग्राह्य ठरतो. अशा कामाच्या प्रॉपिलीन ग्लायकॉल या गोठणरोधकाच्या डब्यावरील तापमान पुष्कळदा नळी फुटण्याच्या मर्यादेचे असते. द्रवाचा बर्फाळ लगदा त्याच्या बराच आधी होऊ लागतो. एथिलीन ग्लायकॉल हा दुसरा गोठणरोधक विषारी असल्याने ते पाण्यात सोडू नये.

गिअरपेटीतील तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजून तेल व गळणारे सील बदलतात. पेट्रोल साठवणीत खराब होऊ नये म्हणून त्यात स्थिरक मिसळतात आणि सिलिंडरांत गंजरोधक तेल फवारतात. बॅटरी पूर्ण भारित ठेवतात, कारण उतरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीतील द्राव शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठतो.

बोट पाण्यातच ठेवायची असल्यास तळाचे सुमारे ४° से. चे, तुलनेने उबदार पाणी पंख्याने किंवा हवेच्या बुडबुड्यांनी वर आणून तिच्याभोवती बर्फ धरू देत नाहीत. हा उपाय गोड्या पाण्याच्या खोल सरोवरांत उपयोगी पडतो.

भारतात हा प्रश्न प्रामुख्याने लडाखमध्ये उद्भवतो. ४,२०० मीटरहून अधिक उंचीवरील पँगाँग सरोवर खारे असूनही हिवाळ्यात गोठते. तेथील व अन्य उंच जलाशयांवरील गस्तीसाठी भारतीय सेनेने जानेवारी २०२१ मध्ये गोवा शिपयार्डशी १२ वेगवान नौकांचा करार केला.