‘मूळ’ परीकथा कोणती?

परीकथेवर बेतलेली नवी किशोर-कादंबरी आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘ग्रिम बंधूंची मूळ गोष्ट बिघडवली.’ हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली पुस्तकं न वाचताच बाजूला पडतात.

ग्रिम बंधू या जर्मन संग्राहकांच्या लोककथांच्या संग्रहाचा पहिला भाग 1812 साली आला, सातवी आवृत्ती 1857 साली. मधल्या काळात त्यांनीच गोष्टी बदलल्या. 1812 मध्ये हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. 1819 च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. मनोऱ्यात कोंडलेली रपुन्झेल पहिल्या आवृत्तीत ‘कपडे घट्ट का होतायत?’ असं विचारते, म्हणजे ती गरोदर आहे. पुढे हा प्रश्नच काढून टाकला. प्रचलित भाषांतरं बहुतेक 1857 च्या पाठावरून, म्हणजे त्या आवृत्तीतल्या रूपावरून, झालेली असतात, म्हणून तोच पाठ ‘मूळ’ वाटतो.

सिंड्रेला तर त्यांच्याही आधीची. फ्रेंच लेखक शार्ल पेरोची 1697 ची, इटालियन लेखक बाझिलेची त्याहून जुनी, आणि चीनमध्ये येह-शिएनची कथा नवव्या शतकातच लिहिली गेली.

तेव्हा पुनर्कथन वाचताना आधी ते कोणत्या पाठावर उभं आहे ते ओळखा. भोपळ्याची गाडी, परी आणि काचेची चप्पल असेल तर पेरो. आईच्या थडग्यावरचं झाड, पक्षी आणि पायाचा अंगठा नि टाच कापणाऱ्या बहिणी असतील तर ग्रिम. लेखिकेने काय बदललं हे त्यानंतरच नीट दिसतं. चुकीच्या पाठाशी ताडून पाहिलं, तर पेरोकडून आलेली परीसुद्धा तिचीच भर वाटते.